कोरम भरला की उजेड

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत शेवटी एक ओळ दरवर्षी न चुकता असते : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही. ही ओळ सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे पहिल्या वेळेला कोणीच येत नाही. सेक्रेटरी, खजिनदार आणि गच्चीच्या गळतीची तक्रार घेऊन आलेले वरच्या मजल्यावरचे काका, असे तिघेच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून घड्याळाकडे बघत असतात.

समुद्रातल्या जिवाणूंना ही अर्ध्या तासाची पळवाट नाही. त्यांची काही कामं पुरेसे जण जमल्याशिवाय सुरूच होत नाहीत. आणि किती जण जमले हे बघायला त्यांच्याकडे सेक्रेटरी नाही, हजेरीपट नाही, डोळे तर नाहीतच. तरी त्यांना ते कळतं. शास्त्रज्ञ या प्रकाराला 'कोरम सेन्सिंग' म्हणतात. हे नाव १९९४ सालचं. शोध त्याहून जुना आहे, आणि तो लागला उजेडामुळे.

१९७० च्या सुमाराला हार्वर्ड विद्यापीठात केनेथ नील्सन, टेरी प्लॅट आणि वूडलँड हेस्टिंग्ज हे तिघे प्रकाश देणाऱ्या एका समुद्री जिवाणूवर काम करत होते. व्हिब्रिओ फिशेरी हे त्याचं रुळलेलं नाव. (अलीकडे त्याचं नामांतर झालंय, पण जुन्या बॉम्बेसारखं जुनं नाव काही तोंडातून जात नाही.) चंबूत ताजं पोषक द्रावण घ्यायचं, त्यात थोडेसे जिवाणू सोडायचे, आणि दर थोड्या वेळाने दोन गोष्टी मोजायच्या : जिवाणू किती झाले आणि उजेड किती पडतोय. साधा हिशोब असा की जिवाणू दुप्पट झाले तर उजेडही दुप्पट व्हावा. तसं होईना. पहिले काही तास जिवाणू भराभर वाढत होते आणि उजेड होता तिथेच. मग गर्दी एका टप्प्याला पोचली की उजेड एकदम उसळी मारायचा, जिवाणूंच्या वाढीपेक्षा कितीतरी वेगाने.

सुरुवातीचा उजेड कशामुळे अडतो याबद्दल तेव्हा आणखी एक तर्क होता : ताज्या द्रावणातच उजेड दाबणारं काहीतरी असेल आणि जिवाणू ते हळूहळू संपवत असतील. पण या तिघांनी गर्दी झालेल्या चंबूतलं द्रावण घेतलं, गाळून त्यातले जिवाणू काढून टाकले, आणि त्या रिकाम्या 'उष्ट्या' पाण्यात नवे, मोजकेच जिवाणू सोडले. ते लवकर उजळायला लागले. म्हणजे जुन्या मंडळींनी पाण्यात काहीतरी सोडून ठेवलं होतं, आणि ते 'काहीतरी' उजेडाला परवानगी देत होतं.

यात नेमकं काय घडतं ते समजायला उदबत्ती पुरे.

समजा प्रत्येक जिवाणूच्या हातात सतत एक बारीक उदबत्ती जळते आहे. शिवाजी पार्कच्या मैदानात तुम्ही एकटे उदबत्ती घेऊन उभे राहिलात तर वास तुमच्या स्वतःच्याही नाकापर्यंत धड येणार नाही, वारा घेऊन जाईल. मैदानात दहा हजार माणसं उदबत्त्या घेऊन उभी राहिली की मात्र वास दाटतो. कोणी कोणाला मोजलेलं नाही. प्रत्येकाने फक्त वास घेतला. वास एका पातळीपलीकडे गेला की प्रत्येक जण आपापलं काम सुरू करतो. आणि पहिलं काम असतं आणखी दहा उदबत्त्या पेटवण्याचं! त्यामुळेच सगळं हळूहळू न होता एकदम होतं. वास आला म्हणून उदबत्त्या वाढल्या, उदबत्त्या वाढल्या म्हणून वास वाढला.

व्हिब्रिओ फिशेरीच्या उदबत्तीचा 'वास' म्हणजे एक छोटा रेणू. त्याची रचना अ‍ॅनातोल एबरहार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली उलगडली. त्याच्या एका टोकाला अणूंचं एक छोटं कडं असतं आणि त्याला सहा कार्बनांची शेपटी. इतका लहान की पेशीच्या आवरणातून आत-बाहेर सहज ये-जा करतो. तो बनवतं एक प्रथिन, 'लक्स-आय', आणि त्याचा वास घेणारं नाक म्हणजे दुसरं प्रथिन, 'लक्स-आर'. रेणू नाकात अडकला की हे नाक डीएनएवर जाऊन बसतं आणि उजेडाची जनुकं चालू करतं. उजेडाच्या जनुकांच्या त्याच रांगेत लक्स-आयचंही जनुक आहे. म्हणून दहा उदबत्त्या.

इतर कित्येक जातींमध्ये कडं हेच, शेपटी वेगळी. कोणाची चार कार्बनांची, कोणाची बारा, कोणाच्या शेपटीवर एखादा जादा ऑक्सिजन. आपलं कोण आणि परकं कोण हे त्या शेपटीवरून ठरतं.

१९८३ साली जोअॅन एंगेब्रेख्ट, नील्सन आणि मायकेल सिल्व्हरमन यांनी ही जनुकं उचलून ई. कोलाय या आपल्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूत घातली. समुद्राशी काहीही संबंध नसलेला तो जिवाणू अंधारात निळसर उजळला, आणि उजळला तोसुद्धा गर्दी झाल्यावरच. उजेडाबरोबर कोरमचा नियमही नव्या घरी गेला होता. एवढं होऊनही पुढची काही वर्षं बहुतेकांना ही चमकणाऱ्या समुद्री जिवाणूंची एक गमतीदार खोड वाटत राहिली. तीच यंत्रणा माणसांना आणि पिकांना आजारी पाडणाऱ्या जिवाणूंत सापडायला लागली तेव्हा मात्र मंडळी खडबडून जागी झाली.

पण एवढ्या उजेडाचं हा जिवाणू करतो काय?

उत्तर हवाईच्या उथळ किनाऱ्यावर, वाळूत पुरून बसलेलं आहे. तिथे एक छोटी माकूल राहते, माणसाच्या अंगठ्याएवढी. आपल्या बाजारात ढिगाने येतात त्या माकुलींची दूरची नातलग, पण गोलमटोल. दिवसभर वाळूत, रात्री शिकारीला बाहेर. चांदण्या रात्री उथळ पाण्यात पोहणाऱ्याची मोठी अडचण म्हणजे खालून बघणाऱ्याला त्याची काळी आकृती स्वच्छ दिसते. यावर या माकुलीने उपाय शोधलाय. तिच्या पोटाकडच्या भागात एक खास अवयव आहे, त्यात व्हिब्रिओ फिशेरी दाटीवाटीने राहतात आणि खालच्या दिशेला उजेड टाकतात. वरून जितकं चांदणं येतं तितकाच उजेड खाली गेला की आकृती पुसली जाते. त्या अवयवाला आरसा आहे, भिंग आहे, आणि उजेड कमी-जास्त करायला शाईच्या पिशवीचा पडदासुद्धा आहे. मार्गारेट मॅकफॉल-एनगाई आणि एडवर्ड रूबी या दोघांनी गेली तीन दशकं आणि वर हा एक संसार अभ्यासला आहे.

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाकडे एकही जिवाणू नसतो. आसपासच्या पाण्यात लाखो इतर जिवाणू आहेत, आणि फिशेरी मिलिलिटरमागे फार तर काहीशे. पिल्लू पाणी आत खेचतं, बारीक केसांनी ते फिरवतं, चिकट द्रवात जिवाणू अडकवतं, आणि काही तासांत नेमका हवा तोच आत घेतं. आत साखर, अमिनो आम्लं, सगळी सोय. मोजके पाहुणे येतात, वाढतात, त्या बंद खोलीत वास दाटतो आणि दिवे लागतात. जे जिवाणू काही बिघाडामुळे उजेड देऊ शकत नाहीत ते तिथे फार दिवस टिकत नाहीत हेही प्रयोगांत दिसलंय. फुकट राहणाऱ्या भाडेकरूला माकूल ओळखते. हे ती नेमकं कसं करते हा वेगळ्या लेखाचा विषय.

आणि रोज पहाटे? माकूल त्या अवयवातले ९० ते ९५ टक्के जिवाणू पिचकारीसारखे बाहेर समुद्रात टाकून देते. दिवसा वाळूत झोपायचंय, दिव्यांचं बिल कोण भरणार! उरलेले पाचेक टक्के दिवसभर वाढत राहतात आणि संध्याकाळपर्यंत कोरम पुन्हा भरतो. बाहेर फेकलेले मात्र काही क्षणांत एकटे पडतात. त्यांचा वास पाण्यात विरून जातो, दिवे मालवतात.

इथे मला 'कोरम' या शब्दाशीच थोडं भांडायचंय. 'जिवाणूंच्या गप्पा', 'जिवाणूंची सभा' असे मथळे वाचायला बरे वाटतात, पण त्यामुळे एक गोष्ट निसटते. जिवाणू डोकी मोजत नाही, वास मोजतो. देवघराच्या कोनाड्यात एकच उदबत्ती लावली तरी वास दाटतो. तसा एखाद्या चिंचोळ्या फटीत अडकलेला एकटा जिवाणूही 'गर्दी झाली' असं समजून वागू शकतो. २००२ साली रोझमेरी रेडफिल्ड यांनी नेमका हा मुद्दा काढला : कदाचित शेजाऱ्यांशी याचा मुळात संबंधच नसेल. आपण सोडलेली वस्तू आपल्याजवळ टिकते की वाहून जाते, एवढंच जिवाणू तपासत असेल. अन्न विरघळवणारं महागडं एन्झाइम बाहेर सोडण्याआधी स्वस्तातला एक रेणू सोडून बघायचा, असा हा व्यवहार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि मला तरी तसंच वाटतं.

उघड्या समुद्राचा विचार केला की हा मुद्दा आणखी पटतो. वरच्या थरातल्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. ऐकायला ही चर्चगेटची गर्दी वाटते. प्रत्यक्षात भागाकार केला तर दोन जिवाणूंमध्ये सरासरी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं अंतर पडतं, म्हणजे त्यांच्या अंगाच्या शंभरपट. माणसाच्या मापात सांगायचं तर सगळ्यात जवळचा शेजारी दीडशे-पावणेदोनशे मीटरवर, आणि तोही बहुधा परजातीचा. त्यात समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी. आपल्या रेणूचं ते कडं अशा पाण्यात आपोआप उघडतं आणि निकामी होतं. आखूड शेपटीचे रेणू तर काही तासांतच. अशा ठिकाणी सभा भरणार कशी?

ती भरते तरंगत्या कचऱ्यावर. मेलेली सूक्ष्म शैवालं, विष्ठेचे कण, बुळबुळीत गोळे असं सगळं एकमेकांना चिकटून वरून खाली सतत पडत असतं. शास्त्रज्ञांनी त्याला 'सागरी हिम' असं काव्यात्म नाव दिलंय. खरं तर ती खरकट्याची पाऊसधार आहे. एकेका कणावर जिवाणूंची घनता आसपासच्या पाण्याच्या कितीतरी पट असते, आणि तिथल्या जिवाणूंमध्ये हे संकेत-रेणू सापडले आहेत. माशांची आतडी, कोळंबीचं कवच, जहाजाचा तळ, शैवालाचं पान याही अशाच जागा. समुद्र एकसारखा दिसत असला तरी जिवाणूच्या दृष्टीने तो मोकळ्या माळरानात मध्येच भरलेल्या आठवडी बाजारांसारखा आहे.

कधीकधी मात्र माळरानच बाजार होतं. जानेवारी १९९५ मध्ये 'लिमा' हे ब्रिटिश व्यापारी जहाज सोमालियाजवळून आपल्याच अरबी समुद्रातून जात होतं. रात्री क्षितिजावर पांढुरकी कड दिसली, आणि पुढे काही तास जहाज बर्फाच्या मैदानातून जावं तसं सपाट, स्थिर उजेडातून चाललं. खलाशांच्या गोष्टींमध्ये असा 'दुधाळ समुद्र' फार जुना, पण पुरावा नव्हता. दहा वर्षांनी, २००५ साली, स्टीव्हन मिलर आणि सहकाऱ्यांनी त्या तारखांची उपग्रहचित्रं उकरून काढली. उजेडाचा पट्टा तिथे होता : सुमारे १५,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास अख्खा पुणे जिल्हा.

कोकणात रात्री लाटा फुटताना निळ्या ठिणग्या दिसतात, ते हे नव्हे. ते काम बहुतेकदा नॉक्टिलुकासारख्या एकपेशीय प्लवकांचं. त्यांना धक्का लागला की ते क्षणभर चमकतात. दुधाळ समुद्राचा उजेड स्थिर असतो, कोणी हात लावो न लावो. २०१९ साली जावाच्या दक्षिणेला असा पट्टा दिसला, एक लाख चौरस किलोमीटरहून मोठा, महाराष्ट्राचा साधारण तिसरा हिस्सा. त्यातून गेलेल्या एका शिडाच्या नौकेचं नाव होतं, योगायोग बघा, 'गणेशा'. तिच्यावरच्या लोकांनी बादलीभर पाणी वर ओढलं. बादलीत स्थिर उजेडाचे ठिपके होते, आणि पाणी ढवळल्यावर ते विझले. नॉक्टिलुका असता तर ढवळल्यावर पेटला असता. १९८५ साली अरबी समुद्रात सोकोत्रा बेटाजवळ एका अमेरिकी संशोधन जहाजाने दुधाळ पाण्याचे नमुने घेतले होते, त्यात व्हिब्रिओ हार्वेयी हा जिवाणू सापडला होता, शैवालाच्या अवशेषांसोबत. एवढा उजेड कशासाठी, याचा एक मानला जाणारा अंदाज असा : उजळलेला कण माशाला दिसतो, मासा तो गिळतो, आणि जिवाणूला माशाचं अन्नाने भरलेलं आतडं मिळतं. एकट्याचा उजेड कोणाला दिसणार? म्हणून कोरम.

या हार्वेयीने संशोधकांना आणखी चकवलं. सिल्व्हरमन यांच्या प्रयोगशाळेत सुरुवात करून पुढे प्रिन्स्टनला गेलेल्या बॉनी बॅसलर यांना दिसलं की हा एकाच वासावर भागवत नाही. एक रेणू त्याच्या घरचा, फक्त जातभाईंना कळणारा. दुसरा मात्र अनेक वेगवेगळ्या जातींचे जिवाणू बनवतात. मालवणातला माणूस घरी मालवणी बोलतो आणि दादरच्या फलाटावर मुंबईची हिंदी, तसंच काहीसं. आपली माणसं किती आणि एकूण माणसं किती, हे दोन वेगळे आकडे त्याला त्यामुळे कळतात. या दुसऱ्या रेणूची रचना २००२ साली प्रसिद्ध झाली आणि त्यात मधोमध चक्क बोरॉनचा अणू निघाला. सजीवांच्या रसायनशास्त्रात बोरॉन तसा दुर्मीळच. पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात तो चार-पाच मिलिग्रॅम सहज असतो. तिथल्या जिवाणूने हाताशी होतं ते वापरलं. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू याच रेणूचं बोरॉन नसलेलं रूप ओळखतो.

हार्वेयी कोळंबी उबवणी केंद्रांचा जुना वैरी. तिथल्या टाक्यांमध्ये रात्री दिवे घालवले आणि पिल्लं अंधारात हिरवट-निळी चमकली, तर तो उजेड बघून कोणाला आनंद होत नाही. काही दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. अँटिबायोटिक ओतत राहिलं की जिवाणू त्याला निर्ढावतात. म्हणून जिवाणूला मारण्याऐवजी त्याचं नाक चोंदवायचं, किंवा ते कडं तोडणारं एन्झाइम वापरून वासच नाहीसा करायचा, या दिशेने बरंच काम चाललंय.

ही युक्ती माणसाच्या आधी एका शैवालाला सुचली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर डेलिसिया पुल्क्रा नावाचं लाल शैवाल उगवतं. समुद्रात कुठलीही वस्तू ठेवा, तासाभरात तिच्यावर जिवाणूंचा थर बसायला लागतो, मग त्यावर बाकीची वस्ती. हे शैवाल मात्र लख्ख! सिडनीतल्या स्टाफन केलेबर्ग, पीटर स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कारण शोधलं. शैवाल फ्युरॅनोन जातीचे रेणू बनवतं. ते दिसायला जिवाणूंच्या रेणूसारखे असल्यामुळे नाकात अडकतात, पण काम सुरू करत नाहीत. सभा भरलेली, पण माइक बंद.

पटकीचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, हाही मूळचा खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातला, सूक्ष्म कवचधारी प्राण्यांना चिकटून राहणारा. (बांगलादेशात जुन्या साडीची अनेकपदरी घडी करून पाणी गाळल्यावर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले होते ते याच कारणाने : साडीत ते प्राणी अडकतात, आणि त्यांच्यासोबत जिवाणूही.) याचा कोरम उलटा चालतो. आतड्यात थोडे असतात तेव्हा ते विष बनवतात आणि चिकटून बसतात. गर्दी झाल्याचा वास आला की दोन्ही बंद करतात आणि सुटून बाहेर पडायच्या तयारीला लागतात. कोरम भरल्यावर सभा उधळणारे हे.

आता शेवटचं, आणि हे तुम्ही पायाखाली तुडवलेलं असेल. ओहोटीला कोकणातल्या खडकांवर जी हिरवीगार, पातळ, सॅलडच्या पानासारखी उल्वा (हेही एक शैवालच) दिसते, जिच्यावरून पाय घसरतो, तिचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यात पोहत असतात आणि टेकायला जागा शोधतात. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं की हे बीजाणू जिवाणूंचा तोच कड्याचा, शेपटीचा रेणू ओळखतात. जिथे तो दाट, तिथे जास्त बीजाणू टेकतात. ज्या जिवाणूंच्या थरात रेणू बनवायची सोय काढून टाकली होती, तिथे ही वाढीव गर्दी झाली नाही. वनस्पतीच्या घराण्यातला जीव जिवाणूंच्या सभेचा वास घेत खडक निवडतो. त्या रेणूजवळ आल्यावर बीजाणूंचा पोहण्याचा वेग मंदावतो, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. बाजारात वडे तळल्याचा वास आला की आपलं पाऊल रेंगाळतं, तसा.